इंधन आहे, आच मंद

किडनी निकामी होत चालली आहे हे घरात सगळ्यांत आधी बहुधा बायकोच्या लक्षात येतं, आणि तिची तक्रार लघवीची नसते. "यायले आजकाल काई ध्यानातच नाई रायत," असं ती सांगते. धानाच्या पोत्यांचा हिशेब दोनदा, तीनदा करावा लागतो. रात्री झोप नाही, दिवसा बसल्या बसल्या पेंग येते. कधी मोठ्यानं न बोलणारा माणूस भाजीतल्या मिठावरून ताट सारतो. तिरोड्यासारख्या तालुक्याच्या गावात याची कारणं शोधायला वेळ लागत नाही. वय झालं, दारू वाढली, मुलीच्या लग्नाचं कर्ज मनाला लागलं, नाहीतर बाहेरची काही बाधा झाली. किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन या यादीत फार खाली असतं, पुष्कळदा नसतंच. पुढे पायावर सूज येते, अन्नावरची वासना उडते, आणि मग कुणीतरी गोंदियाला नेतं.

हे प्रकरण त्या पहिल्या तक्रारीबद्दल आहे. माझ्या मते तिच्याकडे आपण भलतंच दुर्लक्ष करतो. ती तक्रार स्वभावाची समजली जाते, पण तिच्या मुळाशी शरीराची रासायनिक उलथापालथ असते.

आधी गावाविषयी थोडं. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा तालुका धानाचा. चोरखमारा आणि बोदलकसा हे मोठे तलाव याच भागातले. हावडा-मुंबई रेल्वेमार्गावर गोंदिया इथून तीसेक किलोमीटर आणि नागपूर शंभरेक. राज्यभर तिरोड्याचं नाव झालं ते 3300 मेगावॉटच्या औष्णिक वीज प्रकल्पामुळे. आपला विषयही ऊर्जेचाच आहे, फक्त आकडा फार लहान आहे. माणसाचा मेंदू सुमारे 20 वॉटवर चालतो.

किडनी बिघडण्याची कारणं इथे आणि इतरत्र मुख्यतः तीच: शुगर आणि बीपी. त्यांत इथल्या जगण्यातल्या काही गोष्टींची भर पडते. रोवणीच्या दिवसांत बांधीच्या चिखलात तासन्‌तास वाकून काम करायचं आणि कंबर धरली की मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून घ्यायची. डायक्लोफिनॅकच्या वर्गातल्या या गोळ्या किडनीतला रक्तपुरवठा आवळतात. अंगात पाणी कमी असताना, आधीच बीपी असलेल्या माणसानं त्या महिनोन्‌महिने घेतल्या तर नुकसान होतं. दुसरी भर सिकलसेलची. पूर्व विदर्भात हा आजार किती आहे हे नागपूर, भंडारा, गोंदिया, गडचिरोलीतल्या डॉक्टरांना सांगावं लागत नाही. किडनीचा आतला गाभा मुळातच कमी ऑक्सिजनवर आणि खारट वातावरणात काम करतो. तिथे सिकलसेलच्या लाल पेशी सहज कोयत्याच्या आकाराच्या होऊन अडकतात. म्हणून सिकलसेलच्या रुग्णाला लहानपणापासून रात्री लघवीला उठावं लागतं, कारण लघवी घट्ट करण्याची किडनीची ताकद आधी जाते. केंद्र सरकारनं 2023 मध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं, त्यात तपासणीवर भर आहे. ही तपासणी किडनीसाठीही मोलाची आहे, हे सहसा कुणी बोलत नाही.

किडनी आणि मेंदू यांचं नातं रक्तवाहिन्यांपासून सुरू होतं. दोन्ही किडन्या मिळून वजन 300 ग्रॅमच्या आसपास, पण हृदयातून मिनिटाला बाहेर पडणाऱ्या पाच लिटर रक्तातलं एक लिटरभर त्यांच्याकडे जातं. मेंदू शरीराच्या वजनाच्या 2 टक्के आणि ऑक्सिजन मात्र 20 टक्के वापरतो. दोन्हीकडे रक्त जोरात आणि सतत वाहतं. त्यामुळे वाढलेल्या बीपीचा तडाखा दोन्हीकडच्या बारीक रक्तवाहिन्यांना थेट बसतो. किडनीच्या चाळण्या चिवट होतात, त्याच काळात मेंदूच्या खोल भागांतल्या केसासारख्या वाहिन्याही जाड होत असतात. लघवीतून प्रोटीन जायला लागलेल्या माणसाच्या मेंदूतही बारीक इजा सापडतात, त्याचं एक कारण हे. पण हा झाला नळांचा बिघाड. त्या नळांतून काय वाहतं, हा प्रश्न वेगळा.

त्याचं उत्तर 1945 मध्ये नेदरलँड्समधल्या कांपेन या छोट्या गावात मिळालं. विलेम कोल्फ हा तिथला डॉक्टर. महायुद्धात देश जर्मनांच्या ताब्यात, माल मिळत नाही, अशा काळात त्यानं लाकडी पट्ट्यांच्या पिंपाभोवती सॉसेज भरण्याची सेलोफेनची नळी गुंडाळून कृत्रिम किडनी बनवली. नळीतून रोग्याचं रक्त जायचं आणि पिंप खारट पाण्यात फिरायचं. 1943 पासून त्यानं 16 जणांवर ती वापरली आणि जवळजवळ सगळे दगावले. 1945 च्या सप्टेंबरात सोफिया शाफस्टाट नावाची 67 वर्षांची बाई आणली गेली. ती बेशुद्ध होती. युद्धात शत्रूची बाजू घेतली म्हणून कैदेत असलेली ही बाई गावात कुणालाच आवडत नव्हती. तिला का वाचवता, असं कोल्फला विचारणारेही होते. अकरा तास यंत्र चाललं आणि ती डोळे उघडून बोलू लागली. शुद्धीवर आल्यावर तिनं नवऱ्यापासून घटस्फोट घेणार असल्याचं जाहीर केलं, अशी हकिकत आहे. पुढे तिनं तो घेतलाही म्हणतात.

या हकिकतीचं हसू येतं, पण तिच्यातला पुरावा भक्कम आहे. रक्त धुतल्यावर मेंदू जागा झाला. म्हणजे पेशी मेल्या नव्हत्या, त्या दबल्या होत्या. रक्तात काहीतरी साठलं होतं आणि ते निघून गेलं.

ते काय, हे शोधायला वैद्यकशास्त्राला पुढची पाऊणशे वर्षं लागली आणि शोध अजून संपलेला नाही. पहिला संशय साहजिकच युरियावर. रिपोर्टात तोच आकडा डोळ्यांत भरतो. पण अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये 1972 च्या सुमारास एक धाडसी प्रयोग झाला. डायलिसिसच्या, म्हणजे यंत्रानं रक्त धुण्याच्या, द्रावणातच युरिया मिसळून रुग्णांच्या रक्तातला युरिया मुद्दाम चढा ठेवला आणि बाकी सगळं धुऊन काढलं. रुग्ण बरेचसे ठीक राहिले. युरिया फारच वर गेल्यावरच डोकेदुखी, मळमळ आणि सुस्ती आली. युरिया अगदी निर्दोष नाही, कारण त्यातून तयार होणारं सायनेट प्रोटीनला चिकटून त्यांचं काम बिघडवतं. पण मुख्य आरोपी तो नाही. म्हणून "युरिया इतका आणि माणूस असा कसा?" किंवा "युरिया कमी आहे मग हे भ्रमिष्ट का?" हे दोन्ही प्रश्न रिपोर्टातल्या आकड्यावर नको तेवढा भरवसा टाकतात.

आज संशयितांची यादी शंभराच्या वर आहे. त्यांतले दोन गट मेंदूसाठी महत्त्वाचे. पहिला ग्वानिडिन गटातल्या पदार्थांचा. क्रिएटिनिन याच गटातलं, पण खरा त्रास देतं ते ग्वानिडिनोसक्सिनिक आम्ल. मेंदूत काही रसायनं पेशींना चेतवतात आणि काही शांत करतात. हे आम्ल चेतवणारं दार उघडं धरतं आणि शांत करणारं दार अडवतं. हात पुढे केल्यावर पंजा पंख फडफडावेत तसा झटके घेतो, झोपेत पाय उडतात, शेवटी आकडी येते, यामागे या गटाचा मोठा हात असल्याचं बेल्जियममधल्या संशोधकांनी दाखवलं. किडनीच्या रुग्णाची मती मंद आणि स्नायू मात्र बेचैन, हा विरोधाभास इथे उलगडतो.

दुसरा गट पोटातून येतो. आपण खाल्लेल्या प्रोटीनमधल्या ट्रिप्टोफॅनचं आतड्यातले जिवाणू इंडोल करतात, यकृत त्याचं इंडॉक्सिल सल्फेट करतं आणि निरोगी किडनी ते लघवीवाटे टाकून देते. किडनी थकली की ते रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रोटीनला घट्ट चिकटून फिरत राहतं. डायलिसिसच्या पडद्यातून अल्ब्युमिन जात नाही, त्यामुळे त्याला चिकटलेलं इंडॉक्सिल सल्फेटही फारसं निघत नाही. मेंदूच्या सीमेवरच्या पेशी असले पदार्थ बाहेर ढकलण्याचं काम करतात, पण रक्तातच इतकी गर्दी असली की ती यंत्रणा पुरी पडत नाही. डायलिसिस नियमित असूनही काही जणांच्या डोक्यातलं धुकं का हटत नाही, याचं एक उत्तर इथे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. मेंदूच्या चयापचयाचं नेमकं काय होतं?

1940 च्या दशकात सेमूर केटी आणि कार्ल श्मिट यांनी जिवंत माणसाच्या मेंदूचा ऑक्सिजनचा वापर मोजण्याची युक्ती काढली. रोग्याला थोडा नायट्रस ऑक्साइड हुंगवायचा आणि मेंदूत जाणाऱ्या आणि तिथून परतणाऱ्या रक्तातलं त्याचं प्रमाण तपासायचं. 1951 मध्ये आल्बर्ट हेमन आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत किडनी निकामी झालेल्या रुग्णांवर वापरली. मेंदूचा ऑक्सिजनचा वापर घटलेला आढळला. याचा सरळ अर्थ कुणीही असा काढेल की मेंदूची उपासमार होते आहे. रक्त कमी, साखर कमी, ऑक्सिजन कमी, म्हणून काम कमी.

पण 1968 मध्ये उंदरांच्या मेंदूत उलटंच दिसलं. किडनी अचानक निकामी केलेल्या उंदरांच्या मेंदूत ग्लुकोज वाढलेलं, एटीपी आणि क्रिएटिन फॉस्फेट हे ऊर्जेचे साठे वाढलेले, आणि इंधन जळल्यावर उरणारं लॅक्टेट घटलेलं. उपासमारीत हे साठे आधी संपतात. इथे चुलीजवळ सरपणाचा ढीग पडलेला, वाराही येतोय, आणि तरी आच मंद. अडचण इंधनाच्या पुरवठ्यात नव्हती, पेशींची मागणीच उतरली होती.

मागणी का उतरते? मेंदूच्या ऊर्जेचा मोठा भाग पेशीच्या आवरणातले पंप चालवण्यात जातो. सोडियम बाहेर, पोटॅशियम आत, अखंड. प्रत्येक विचार, प्रत्येक आठवण या फरकावर उभी असते. किडनी निकामी झालेल्या प्राण्यांच्या मेंदूतले हे पंप मंदावलेले आढळतात. पंप मंद, म्हणून एटीपी खर्च होत नाही. एटीपी शिल्लक, म्हणून ग्लुकोज जाळायची गरज नाही. त्यामुळे ऑक्सिजनची मागणीही कमी. घरच्यांना दिसतं ते असं की विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येतं, पण उशिरा येतं. मेंदूच्या विद्युत आलेखातही लाटा संथ झालेल्या असतात. हे चित्र अचानक निकामी झालेल्या किडनीत ठळक आहे. वर्षानुवर्षं चाललेल्या आजारात त्यात बीपी, शुगर, रक्ताची कमतरता यांची भेसळ होते आणि ते इतकं स्वच्छ राहत नाही.

पेशीचं काम बिघडवणारा आणखी एक पदार्थ आपल्याच शरीरातला आहे. किडनी थकली की फॉस्फरस साठतो, ड जीवनसत्त्व कामाचं होत नाही, कॅल्शियम उतरतं, आणि गळ्यातल्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी आपलं संप्रेरक भरमसाट सोडू लागतात. आपण एवढंच ऐकलेलं असतं की त्यानं हाडं पोकळ होतात. 1974 मध्ये आरिएफ आणि मॅसरी यांनी किडनी निकामी केलेल्या कुत्र्यांच्या मेंदूतलं कॅल्शियम मोजलं, तर ते जवळपास दुप्पट झालेलं. या ग्रंथी आधीच काढलेल्या कुत्र्यांत ते वाढलं नाही. कॅल्शियम पेशीत नको तेवढं शिरलं की दोन पेशींमधला संदेश विस्कटतो. "फॉस्फरस अडवणारी गोळी जेवणासोबतच घ्या" ही डॉक्टरांची कटकट नुसती हाडांसाठी नसते.

याच गोळीच्या इतिहासात एक काळं पान आहे, आणि ते तुरटीपाशी येऊन पोचतं. नदीचं गढूळ पाणी तुरटीनं निवळवतात हे वैनगंगेकाठच्या माणसाला वेगळं सांगायला नको. तुरटीत ॲल्युमिनियम असतं. आपण पितो त्या पाण्यातून ते फारसं शोषलं जात नाही, आणि जे शोषलं जातं ते किडनी टाकून देते. डायलिसिसचं गणित वेगळं. चार तासांच्या एका बैठकीत सुमारे 120 लिटर पाणी पातळ पडद्यापलीकडून रक्ताला भिडतं. आठवड्याला तीन बैठका धरल्या तर 360 लिटर. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये ॲलन आल्फ्री यांना काही रुग्णांत एक विचित्र प्रकार दिसला. आधी बोलताना शब्द अडकायचा, विशेषतः डायलिसिस झाल्यावर. मग अंगाला झटके, आकड्या, भ्रम आणि काही महिन्यांत मृत्यू. 1976 मध्ये त्यांनी या रुग्णांच्या मेंदूतल्या करड्या भागात सुक्या वजनाच्या किलोमागे 25 मिलिग्रॅम ॲल्युमिनियम असल्याचं दाखवलं. इतर लोकांत ते 2.2 होतं. पाणी निवळायला वापरलेली तुरटी आणि फॉस्फरस अडवायला दिलेल्या ॲल्युमिनियमच्या गोळ्या, दोन्ही उपाय विष ठरले होते.

आज डायलिसिस विभागामागच्या खोलीत आरओचं जे यंत्र घरघरत असतं, ते या मृत्यूंमुळे आलं. रुग्णाचे नातेवाईक खुर्च्या, एसी, टीव्ही बघून सेंटर चांगलं की वाईट ते ठरवतात. विचारायला हवं ते असं: पाण्याची तपासणी शेवटची कधी झाली?

डायलिसिस स्वतःही मेंदूला हलवतं. रक्तातला युरिया झपाट्यानं उतरतो, मेंदूतला तितक्या वेगानं बाहेर येत नाही. क्षणभर मेंदू रक्तापेक्षा घट्ट होतो आणि पाणी आत ओढून घेतो. डोकं ठणकणं, उलटी, कधी आकडी. म्हणून पहिली बैठक मुद्दाम कमी वेळाची आणि हळू घेतात. "पहिल्याच दिवशी दोनच तासांत उठवलं, पैसे उकळायचे धंदे," अशी कुरकुर कानावर येते. ती चुकीची आहे. नेदरलँड्समध्ये 2018 साली वयस्क रुग्णांच्या मेंदूतला रक्तप्रवाह बैठकीदरम्यान मोजला तेव्हा तो सरासरी 10 टक्क्यांनी घटलेला आढळला. दोन बैठकांमध्ये माणूस जितकं जास्त पाणी पितो तितकं जास्त खेचून काढावं लागतं, बीपी पडतो, आणि ही घट मेंदूला जास्त जाणवते. मे महिन्यात पारा 45 च्या वर जात असताना तहान आवर असं सांगणं सोपं नाही. मीठ कमी केलं तर तहान कमी लागते, एवढा एक आधार आहे. लोणचं आणि पापड ताटातून गेले तर पाण्याचा तांब्याही दूर राहतो.

मेंदूला अचानक धोका पोचवणाऱ्या दोन गोष्टी जवळपासच्या दुकानांत मिळतात. एक कमरख, तिखट-मीठ लावून खातात ते पाच धारांचं आंबट फळ. निरोगी माणसाला त्याचा सहसा काही अपाय नाही. किडनीच्या रुग्णाला ते खाल्ल्यावर काही तासांत न थांबणारी उचकी, भ्रम, आकडी, आणि प्रसंगी मृत्यू येतो. ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी 2013 मध्ये त्यातलं विष वेगळं करून त्याला कॅरॅम्बॉक्सिन हे नाव दिलं. दुसरी गोष्ट औषधं. नसांच्या दुखण्यावरची गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन, स्नायू सैल करणारी बॅक्लोफेन, नागीण झाल्यावर देतात ती ॲसायक्लोव्हिर, आणि सेफेपिमसारखं इंजेक्शन, ही सगळी किडनीवाटे बाहेर पडतात. मात्रा कमी केली नाही तर ती साठतात आणि दोन दिवसांत माणूस बरळू लागतो. अशा वेळी घरचे "किडनी डोक्यात गेली" म्हणून हात टेकतात. खरं तर गोळी बंद करून एकदोन बैठका झाल्या की तो पुष्कळदा पूर्ववत बोलू लागतो. त्यामुळे नव्या डॉक्टरांकडे, अगदी दाताच्या डॉक्टरांकडेही, पहिलं वाक्य किडनीचं असावं.

अमेरिकेतल्या मिनियापोलिस भागात 55 वर्षांवरच्या डायलिसिस रुग्णांची स्मरण आणि आकलनाची रीतसर चाचणी घेतली गेली. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे 37 टक्के लोकांत गंभीर दोष निघाला, पण कागदोपत्री तशी नोंद जेमतेम 3 टक्क्यांची होती. जिथे दर बैठकीला रुग्णाचं वजन, बीपी, रक्त मोजलं जातं, तिथे ही गोष्ट निसटली. आपल्याकडे ती निसटू नये याची जबाबदारी मला वाटतं घरच्यांनी घ्यावी. "हे आधी असे नव्हते" हे वाक्य डॉक्टरांसमोर संकोच न करता बोलावं.

यातलं काय परत येतं? साठलेल्या विषांमुळे दबलेलं बरंचसं. डायलिसिस सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत गुंगी आणि भ्रम निवळतात. रक्त वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनांनी हिमोग्लोबिन सुधारलं की लक्ष लागतं, झोप सुधारते. किडनी प्रत्यारोपण झाल्यावर स्मरण आणखी सुधारतं, आणि मेंदूच्या रासायनिक तपासणीतले फरकही बरेचसे पुसले जातात. बारीक रक्तवाहिन्या बुजून झालेली इजा मात्र भरून येत नाही. तिला बीपी आणि शुगरच्या गोळ्या वेळेवर घेऊन आधीच अडवावं लागतं.

महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि 2016 चा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम यांमुळे बैठकीचा खर्च गरिबाच्या आवाक्यात आला आहे. जाण्यायेण्याचा वेळ आणि थकवा कुठल्याच योजनेत बसत नाही. तिरोड्याच्या आसपासच्या खेड्यातून गोंदियाला जाणाऱ्याचा अख्खा दिवस जातो. त्या दिवशी त्याच्या डोक्याकडून फार अपेक्षा करू नये. मिनियापोलिसच्याच संशोधकांनी डायलिसिसच्या आधी, चालू असताना, नंतर आणि दुसऱ्या दिवशी अशा चाचण्या घेतल्या. बैठक चालू असताना निकाल सगळ्यांत वाईट, आणि बैठकीच्या अगदी आधी किंवा दुसऱ्या दिवशी सगळ्यांत चांगले. आपल्याकडे मात्र रुग्ण खाटेवर चार तास अडकलेला आहे, तोच मोकळा वेळ समजून डॉक्टर पथ्य सांगतात, नर्स गोळ्या बदलल्याचं सांगते, आणि मुलगा सहीसाठी कागद पुढे करतो. धानाच्या चुकाऱ्यासाठी बँकेत जायचं असेल, सातबाऱ्यावर भावाभावांत बोलायचं असेल, डायलिसिससाठी हाताच्या रक्तवाहिन्या जोडून फिस्टुला करायचा की नाही ते ठरवायचं असेल, तर बैठकीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ धरावी. त्या वेळी तो माणूस पुष्कळ अंशी पूर्वीचा असतो.